वाचकांचे प्रश्न : अमेरिकेच्या कागदावर आपण कोण?

प्रश्न : मुलगा-सून टेक्सासात राहतात. नातीला शाळेत घालताना फॉर्मवर 'रेस', म्हणजे वंश, असा रकाना होता. "आपण इंडियनच ना" म्हणून मुलाने 'अमेरिकन इंडियन'वर खूण केली. आता शाळेने आणखी एक फॉर्म धाडलाय, त्यात आमची जमात कोणती ते विचारलंय. हे निस्तरायचं कसं? आणि असली नोंद करायलाच हवी का?
— एक आजोबा, सातारा

उत्तर : आजोबा, ही चूक खूप घरांत होते. 'अमेरिकन इंडियन' म्हणजे तिथले मूलनिवासी : नवाहो, चेरोकी, होपी वगैरे. कोलंबसाच्या चुकीने त्यांना आपलं नाव चिकटलं आणि त्याचा गोंधळ आजही शाळेच्या कचेरीत चालू आहे. आता आलेला फॉर्म बहुधा 'ईडी ५०६' असेल. मूलनिवासी मुलांच्या शिक्षणासाठी शाळेला केंद्राकडून पैसे मिळतात, त्यासाठी मुलांची मोजदाद त्यावर होते. तो भरू नका, सही तर मुळीच करू नका. मुलाने शाळेच्या नोंदणी कचेरीला दोन ओळींची ईमेल पाठवावी : अमुक तारखेच्या फॉर्मवर चुकून अशी खूण झाली, ती काढून 'एशियन' करावी आणि दुरुस्ती झाल्याचं लेखी कळवावं. तोंडी सांगितलं की पुढच्या वर्षी जुनीच नोंद पुन्हा वर येते. आठवड्याभराने पालकांच्या पोर्टलवर बदल दिसतोय का, तेही बघावं.

रकाना मोकळा ठेवता येतो, कोणी सक्ती करत नाही. पण शाळेत पालकांनी उत्तर दिलं नाही, तर कर्मचारी मुलाकडे बघून आपल्या अंदाजाने खूण करतात, तशी केंद्राची सूचनाच आहे. नातीची नोंद दुसऱ्याच्या नजरेवर सोडण्यापेक्षा आपण भरलेली केव्हाही बरी. आई-बाप वेगवेगळ्या वंशांचे असतील तर एकाहून जास्त चौकटींवर खूण चालते. जनगणनेत ही मुभा २००० पासून आहे.

'एशियन' म्हटलं की पुष्कळांना चिनी-जपानी आठवतात आणि आपण तिथे परके वाटतो. या चौकटीचा इतिहास लहान आहे. १९७० च्या जनगणनेत भारतीय चक्क 'गोरे' म्हणून मोजले गेले. त्या दशकात 'असोसिएशन ऑफ इंडियन्स इन अमेरिका' या संस्थेने वेगळ्या नोंदीसाठी पाठपुरावा केला. भेदभावाची दाद मागायची तर आधी आकड्यांत दिसायला हवं, असं तिचं म्हणणं होतं. सगळ्या भारतीयांचं यावर एकमत नव्हतं. पण १९८० च्या फॉर्मवर 'एशियन इंडियन' ही चौकट आली, आणि २०२० मध्ये फक्त तिच्यावर खूण करणारे सुमारे ४४ लाख निघाले.

एक सूचना न विचारता देतो. 'अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे' नावाची पाहणी निवडक घरांकडे येते. त्यात घरी इंग्रजीखेरीज कोणती भाषा बोलता, ते स्वतःच्या हाताने लिहायचं असतं. तिथे 'इंडियन' लिहू नका, 'मराठी' लिहा. मराठीला त्यांच्याकडे स्वतंत्र क्रमांक आहे. 'इंडियन' लिहिलेलं घर मराठीच्या मोजणीतून गळतं.

प्रश्न : आम्ही गोव्याचे, आडनाव फर्नांडिस. न्यू जर्सीत भाची नोकरीच्या फॉर्मवर 'हिस्पॅनिक' म्हणू शकते का? तिला आडनावावरून सगळे तसंच समजतात.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही. तिथली व्याख्या स्पॅनिश संस्कृतीशी बांधलेली आहे : मेक्सिको, क्यूबा, पोर्टो रिको, मध्य आणि दक्षिण अमेरिका किंवा इतर स्पॅनिश मूळ. गोव्यातली आडनावं पोर्तुगीज, आणि तीही बाप्तिस्म्याबरोबर आलेली. तिने 'हिस्पॅनिक नाही' आणि 'एशियन' असं भरावं. मार्च २०२४ मध्ये केंद्राने 'हिस्पॅनिक आहात का' आणि 'वंश कोणता' हे दोन वेगळे प्रश्न एकत्र करायचं ठरवलं आहे, त्यामुळे पुढे एकच यादी दिसेल. तिचं उत्तर तेव्हाही हेच राहील.

प्रश्न : माझी सून होशियारपूरकडच्या घरातली. तिचे पणजोबा १९१० च्या आसपास कॅलिफोर्नियात शेतीवर गेले आणि तिथेच वारले. नातवाने जनगणनेची जुनी पानं शोधली. शीख माणसाच्या वंशाच्या रकान्यात 'हिंदू' लिहिलंय, बायकोचं नाव स्पॅनिश आहे, आणि १९२० मध्ये नागरिक असलेला माणूस १९३० मध्ये परदेशी झालाय. पानं दुसऱ्याच कोणाची तर नाहीत?
— एक निवृत्त शिक्षिका, नाशिक

उत्तर : बाई, पानं बहुधा बरोबर आहेत. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही गोष्टी त्या काळाच्या कायद्यात बसतात.

१९२०, १९३० आणि १९४० या तीन जनगणनांत 'हिंदू' हा वंश होता, धर्म नव्हे. शीख, मुसलमान, हिंदू सगळे त्यात. रकान्यात 'एच-आय-एन' अशी तीन अक्षरं असतात. नातवाला एक बजावून ठेवा : 'आय-एन' एवढी दोनच अक्षरं दिसली तर तो मूलनिवासी, आपला नव्हे. १९५० मध्ये 'हिंदू' हा वर्ग छापील यादीतून गेला, पण 'आय-एन-डी' तिथेही मूलनिवासीच. इथे भले भले फसतात आणि भलत्याच माणसाला पूर्वज मानून बसतात.

स्पॅनिश नावाची बायको ही कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल खोऱ्यातली नेहमीची गोष्ट. भारतातून बायका आणणं जवळजवळ अशक्य होतं, आणि गोऱ्या-बिगरगोऱ्यांच्या लग्नाला राज्याच्या कायद्याने बंदी होती. परवाना देणारा कारकून दोघांचा रंग सारखा दिसला की कागद देई. म्हणून पंजाबी पुरुष आणि मेक्सिकन बायका अशी शेकडो घरं उभी राहिली. मुलांची नावं मारिया, होजे अशी, आडनाव सिंग. १९३० मध्ये 'मेक्सिकन' हाही वेगळा वंश होता, आणि दोन बिगरगोऱ्या वंशांच्या मुलांना सहसा बापाचा वंश लावायचा असा मोजणीदारांना नियम होता. म्हणजे आई मेक्सिकन, मुलं 'हिंदू', एकाच घरात, एकाखाली एक ओळीत. प्रत्येकाने नियम पाळलाच असंही नाही. तेव्हा एवढ्यावरून पान टाकून देऊ नका.

आता नागरिकत्व. त्या रकान्यात 'एन-ए' म्हणजे नागरिक झालेला, 'पी-ए' म्हणजे पहिला अर्ज केलेला, 'ए-एल' म्हणजे परदेशी. १७९० च्या कायद्यानुसार 'मुक्त गोरी व्यक्ती'च नागरिक होऊ शकत होती, १८७० मध्ये आफ्रिकी वंशाचे लोक त्यात आले. भारतीय गोरे की नाहीत यावर खालच्या न्यायालयांनी उलटसुलट निकाल दिले, त्यामुळे काहींना नागरिकत्व मिळालं. मग १९ फेब्रुवारी १९२३ रोजी भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा, आणि भारतीय त्यात येत नाहीत. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात असलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं, ही गोष्ट आजही मनाला लागते. त्यानंतर आधी दिलेली नागरिकत्वंही सरकार काढून घेऊ लागलं. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित स्वतः १९१४ चे नागरिक. त्यांच्यावरही खटला झाला, तो त्यांनी जिंकला, आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील ऐकायला नकार दिला. तेव्हा कुठे ही मोहीम थंडावली. पणजोबांच्या 'एन-ए'चं 'ए-एल' या काळात झालं असू शकतं. मात्र मोजणीदार दारात ऐकून लिहीत असे, शेजाऱ्याने सांगितलेलंही लिही. खात्री दुसऱ्या कागदावरून करायला हवी.

त्यासाठी आधी १९१७-१८ ची सैन्यनोंदणीची कार्डं बघा. परदेशी माणसालाही नोंदणी सक्तीची होती. १२ सप्टेंबर १९१८ च्या कार्डावर जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता असतो, आणि तिथे कधी कधी पंजाबातल्या गावाचं नाव सापडतं. स्पेलिंग वेडंवाकडं असेल, मोठ्याने वाचून बघा.

मग नागरिकत्व खात्याच्या वंशावळ विभागाकडे जा. फॉर्म जी-१०४१ भरून आधी सूची शोधून घ्यायची, तिच्यात फाइलचा क्रमांक मिळतो. तो घालून जी-१०४१ए भरला की फाइलची प्रत मागता येते. तिथे दोन गोष्टी मागा : २७ सप्टेंबर १९०६ ते ३१ मार्च १९५६ मधली नागरिकत्वाची 'सी-फाइल', आणि ऑगस्ट १९४० ते मार्च १९४४ मधली परदेशी नोंदणी, 'एआर-२'. जन्माला शंभर वर्षं झाली नसतील तरच मृत्यूचा पुरावा लागतो, तुम्हाला लागणार नाही. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्व पुन्हा खुलं झालं, म्हणून १९४६ नंतरचीही सी-फाइल निघू शकते.

शोध नावाने करू नका, सगळेच सिंग आहेत आणि निम्म्यांचं 'सिंग' चुकीचं लिहिलेलं. जन्मस्थान भारत, वय पाच वर्षं मागेपुढे, आणि काउंटी, म्हणजे तिथला जिल्हा : इंपीरियल, सटर, युबा, फ्रेझ्नो. १९५० च्या पुढची पानं मिळणार नाहीत, जनगणना ७२ वर्षं बंद असते.

प्रश्न : सुनेला दिवस गेलेत, बाळंतपण अमेरिकेत. बाळाच्या नावात वडिलांचं नाव घालावं का? मैत्रीण म्हणते, घोळ होतो.
— एक आजी, पुणे

उत्तर : घालावं, आजी. मधलं नाव वडिलांचं ही आपली रीत तिथल्या 'मिडल नेम'च्या रकान्यात नीट बसते. घोळ होतो तो मोठ्यांच्या नावांमुळे. आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम' हा एकच रकाना, त्यात 'स्नेहा राहुल' असं सुनेचं आणि नवऱ्याचं नाव एकत्र असतं. तिथे मग ते दोन्ही मिळून तिचं पहिलं नाव ठरतं. आडनावाचा रकाना रिकामा असेल तर आणखी वाईट : व्हिसावर सगळं नाव आडनावात जातं आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू', म्हणजे 'पहिलं नाव माहीत नाही', असं छापून येतं. असं असेल तर बाळंतपणाआधी भारतीय दूतावासातून पासपोर्टात आडनाव वेगळं करून घ्यावं.

इस्पितळात जन्मनोंदणीचा कागद देतात. त्यावर आई-बापांची नावं पासपोर्टावर आहेत तशीच, अक्षर न् अक्षर, लिहायची. आद्याक्षरं नकोत. सोशल सिक्युरिटी क्रमांकासाठी त्याच कागदावर खूण करता येते, ती विसरू नका. दाखला मागवताना आई-बापांची नावं असलेला, 'लाँग फॉर्म' म्हणतात तोच मागवा. पासपोर्टासाठी डीएस-११ भरून दोघांनी बाळासह जायचं. एकाला जमत नसेल तर त्याची नोटरी केलेली संमती डीएस-३०५३ वर लागते. पुढे बाळाचं ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांना मिळणारं कार्ड, काढताना दाखल्यावरचं आईचं नाव आणि तिच्या पासपोर्टावरचं नाव जुळलं नाही, की अर्ज तिथेच अडतो.

आणि नावाचं स्पेलिंग ठरवताना घरात एकदा इंग्रजी वाचणाऱ्या कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. 'आर्या' आणि 'आर्य' तिथे एकच होतात, आणि शेवटचा 'ए' ठेवायचा की दोन 'ए' लावायचे, हे इस्पितळातल्या घाईत ठरवण्याची गोष्ट नाही.