पावसात रस्ता बंद झाला तर कामी येईल अशी वाळवलेली खिचडी घरी करता येते का? (खानापूर तालुका, जि. बेळगाव)

येते, पण मे संपायच्या आत करा. कणकुंबी-जांबोटीकडे एकदा पाऊस लागला की घरात पापडसुद्धा सादळतो, मग नवीन काही कसलं वाळतंय!

तांदूळ आणि मूगडाळ हळद-मीठ घालून मऊ शिजवा. तेल-तूप थेंबभरही नको, त्यानेच साठवणीत खवट वास येतो. फोडणी खाताना द्या.

एक कळकळीने सांगते, शिजलेला भात सांडग्यांसारखा उन्हात टाकू नका. कोमट, ओलसर भातात जिवाणू झपाट्याने वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा उकळूनही जाईलच असं नाही. अन्न वाळवायचा विजेवरचा ड्रायर वापरा, ६० अंशांच्या आसपास ठेवा. थर पातळ पसरा, मधूनमधून गुठळ्या फोडा. दाणा बोटांत दाबल्यावर कटकन मोडला पाहिजे. वाकला तर आत ओल आहे.

पूर्ण गार झाल्यावर काचेच्या बरणीत सैलसर भरा आणि आठवडाभर रोज हलवून बघा. काचेवर दमटपणा दिसला तर लगेच पुन्हा वाळवा, बुरशी दिसली तर सगळंच टाकून द्या.

खाताना वाटीभर खिचडीला साधारण दोन वाट्या उकळतं पाणी घालून २० मिनिटं झाकून ठेवा, मग एक उकळी काढा. म्हणजे पाणी आणि गॅस दोन्ही लागणार. ऑगस्ट २०१९ च्या पुरासारखी वेळ आली तर तेही हाताशी असेलच असं नाही, म्हणून पिण्याचं पाणी आधीच भरून ठेवा आणि सोबत भडंग, शेंगदाण्याची चटणी असू द्या.