वाचक विचारतात: विनोबांबद्दल तीन-चार प्रश्न

प्रश्न (नेरुळ): मुलीला शाळेत विनोबा भाव्यांवर प्रोजेक्ट दिलाय. नेटवर बघितलं तर सगळीकडे भूदान, भारतरत्न आणि तेच ते. ते कोकणातले होते हे खरं का? लिहिण्यासारखं अजून काही आहे का?

उत्तर: खरंय की, आणि तुम्हाला तर गाव जवळच आहे. पेण तालुक्यातलं गागोदे, ११ सप्टेंबर १८९५ चा जन्म. पनवेलवरून पेणला जा आणि तिथे कोणालाही विचारा, एका रविवारचं काम आहे, मुलीला फोटो पण मिळतील. वडील नोकरीला बडोद्यात, त्यामुळे शिक्षण तिकडे झालं. प्रोजेक्टमध्ये १९१६ सालची गोष्ट टाकाच, मुलांना आवडते. सर्टिफिकेटं आईसमोर चुलीत जाळून टाकली आणि नंतर इंटरच्या परीक्षेला म्हणून मुंबईच्या गाडीत बसले ते सुरतलाच उतरून थेट काशीला, घरी फक्त पत्र!! काशीत गांधीजींचं हिंदू विश्वविद्यालयातलं भाषण वाचनात आलं, शंका होत्या म्हणून पत्र लिहिलं, उत्तर आलं, परत लिहिलं, शेवटी गांधीजी म्हणाले की इकडेच या, आणि ७ जून १९१६ ला अहमदाबादच्या कोचरब आश्रमात भेट झाली. (प्रोजेक्ट मुलीलाच लिहू द्या हं, आम्हाला आयांचं अक्षर ओळखू येतं.)

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे): आमच्या सोसायटीत पार्किंगवरून रोज राडा. परवा मीटिंगमध्ये मी म्हटलं समोरासमोर बसून बोलूया, तर एक काका म्हणाले तू काय विनोबा आहेस का, ते भूदान पण फेलच गेलं शेवटी. खरंच फेल गेलं का?

उत्तर: काकांचं अर्धं बरोबर आहे आणि ते आधी मान्य करून टाकू. जमीनवाल्यांकडून दान मागून भूमिहीनांना द्यायची, त्याचं टार्गेट ५ कोटी एकरांचं होतं, मिळाली ४० लाख एकरांच्या वर, त्यातली बरीचशी खडकाळ, पडीक, काही कोर्टकचेरीत अडकलेली, आणि पुष्कळ जमीन वाटलीच गेली नाही. पण सुरुवात कशी झाली ते काकांना सांगा. १८ एप्रिल १९५१, तेलंगणातलं पोचमपल्ली, आजूबाजूला जमीनदार आणि कम्युनिस्ट यांच्यात रक्तपात चाललेला. विनोबांनी गावातल्या दलितांना विचारलं काय हवं, ते म्हणाले ८० एकर जमीन. आता कोणीही म्हणालं असतं अर्ज द्या, वर कळवतो. विनोबांनी तिथेच जमलेल्या लोकांना विचारलं, तुमच्यापैकी कोणी देईल का, आणि रामचंद्र रेड्डी नावाचे गृहस्थ उठून म्हणाले मी १०० एकर देतो. कोणी प्लॅन केलेलं नव्हतं, पण मग माणूस जो चालत सुटला तो १३ वर्षं चालला. १९५३ ला देवघरच्या मंदिरात दलितांना घेऊन गेले तर मार खाल्ला, १९६० ला चंबळमध्ये वीसेक डाकूंनी त्यांच्यासमोर बंदुका ठेवल्या. माझ्या मते त्यांची अहिंसा म्हणजे गप्प बसणं नव्हतं, ज्याच्याकडे आहे त्याच्या दारात जाऊन तोंडावर मागणं होतं, आणि हे भांडण्यापेक्षा कठीण आहे, मागून बघा एकदा. पुढे वाटप कोण करणार, कागदपत्रं कोण बघणार याची यंत्रणा कमी पडली, तो दोष आहेच. पार्किंगचं मात्र तुमचं तुम्ही बघा, दोन गाड्या असलेल्याच्या दारात जायची हिंमत आहे का?

प्रश्न (ऐरोली): आणीबाणीला पाठिंबा दिला म्हणून त्यांना सरकारी संत म्हणायचे ना?

उत्तर: म्हणायचे. तेव्हा त्यांचं वर्षभराचं मौन चालू होतं, 'अनुशासन पर्व' (म्हणजे शिस्तीचा काळ) हे शब्द त्यांच्याकडून आले आणि सरकारने ते भिंतीभिंतीवर रंगवले. जानेवारी १९७६ ला त्यांनीच पवनारच्या आपल्या आश्रमात आचार्यांचं, म्हणजे विद्वान मंडळींचं, संमेलन घेतलं, तिथला सूर सरकारला काही आवडला नाही, पण हे कोणी लक्षात ठेवत नाही. तरी मला विचाराल तर तेव्हा स्पष्ट बोलायला हवं होतं, लोक जेलमध्ये होते.

प्रश्न (वाशी): गीताई आणि गीता प्रवचने एकच का? आधी काय वाचू?

उत्तर: वेगवेगळी. गीताई म्हणजे गीतेचा मराठीत श्लोकाला श्लोक, विनोबांच्या आईला संस्कृत कळेना आणि ती म्हणाली तूच का नाही करत, त्यातून आलेली. ती पूर्ण झाली १९३१ ला, आई १९१८ लाच गेलेली. गीता प्रवचने म्हणजे १९३२ ला धुळ्याच्या जेलमध्ये दर रविवारी कैद्यांसमोर केलेली भाषणं, आणि ती समोर बसून भराभर उतरवून घेतली साने गुरुजींनी! म्हणून वाचताना कोणी समोर बोलतंय असं वाटतं, शाईचा वास येत नाही. आधी हेच घ्या. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारून बघा. पहिला अध्याय जड गेला तर सरळ तिसऱ्यावर जा, कामाबद्दल आहे, लोकल पकडणाऱ्या माणसाला तो लगेच कळतो.