नोटरीवरचा गुंठा घेऊ का?

प्रश्न: मी चाकणला वेल्डर आहे, 14 वर्षं झाली. ओव्हरटाइम मारून मारून 6 लाख साठवलेत. एजंट म्हणतो गुंठा घे, नोटरी करून देतो, दोन वर्षांत डबल. बायको नको म्हणतीये. काय करू?

उत्तर: दादा, आधी वहिनींचं ऐका. नोटरीवाला सही कुणाची ते बघतो, जमीन कुणाची ते नाही, आणि रजिस्टर खरेदीखत झाल्याशिवाय सातबाऱ्यावर तुमचं नाव चढणार नाही. एजंटकडून गट नंबर (जमिनीचा सरकारी नंबर) मागा (टाळाटाळ केली तर तिथंच समजा) आणि महाभूमीच्या साइटवर सातबारा स्वतः बघा, एकाच गटात पंचवीस नावं सामाईक दिसली किंवा इतर हक्काच्या रकान्यात बँकेचा बोजा, म्हणजे कर्ज, दिसला की तिथूनच रामराम. एनए (बिगरशेती) नसेल तर ती शेतजमीन, आणि ती घ्यायला आधी तुम्ही शेतकरी असावं लागतं, म्हणून गावाकडं वडिलांच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव लागलंय का तेही बघून ठेवा.

मला विचाराल तर जुना वन आरके (एक खोली आणि किचन) बघा, तुमच्यासारखेच कामगार भाड्याने राहतात तिकडे. कर्जाचा हप्ता ओव्हरटाइम सोडून मूळ पगारात बसला पाहिजे, ओव्हरटाइम काय आज आहे उद्या बंद. सगळे 6 लाख घालू नका, दवाखान्यापुरते ठेवा. नवीन बिल्डिंग असेल तर महारेरा नंबर (प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा) तपासा. आणि हो, घर वहिनींच्या एकट्याच्या नावावर घेतलंत तर स्टँप ड्युटीत 1 टक्का सूट मिळते.