12 वर्षं मुंबईत गाडी चालवली, आता ब्रिटनमध्ये क्लास लावावा का?

तुम्ही गोरेगावहून लेस्टरला निघालात, 12 वर्षं वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर गाडी चालवली आहे, आणि विचारताय की तिथली टेस्ट क्लास न लावता देता येईल का. देता येते, क्लासची सक्ती नाही. तरीही लावा. तिथेही गाड्या डावीकडूनच चालतात, त्यामुळे नव्याने शिकायचं काही नाही असं वाटतं आणि टेस्टला नेमकं तेच आडवं येतं.

आधी कागदांचं. तिथे राहायला गेल्यापासून 12 महिने भारतीय लायसन्स चालतं. पुढे तिथलंच लागतं, म्हणून पोचल्यावर लगेच प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ, लायसन्सचा अर्ज करा. थिअरीत 50 पैकी 43 उत्तरं बरोबर यावी लागतात आणि धोके ओळखायच्या व्हिडिओंत 75 पैकी 44 गुण. नियम नीट वाचले की हे जमतं.

खरा कस प्रॅक्टिकलला. साधारण 40 मिनिटं, किरकोळ चुका 15 पर्यंत माफ, गंभीर चूक एक झाली तरी नापास. मुंबईकराचा क्लच-ब्रेकवर हात बसलेला असतो. घोडं अडतं ते बघण्यात. आपण समोर बघून चालवतो, कारण मागचा हॉर्न देऊन कळवतो. तिथे सहसा कुणी हॉर्न देत नाही. म्हणून वळताना, लेन बदलताना, वेग कमी-जास्त करताना आधी आरसे, मग इंडिकेटर, मग स्टिअरिंग. कडेला थांबवलेली गाडी काढताना मान वळवून खांद्यामागेही बघायचं.

राऊंडअबाउटवर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. किंग्ज सर्कलला आपण बोनेट घालून जागा करून घेतो. तिथे तुमच्यामुळे दुसऱ्याला ब्रेक मारावा लागला तर टेस्ट तिथेच गेली. रस्ता मोकळा असून उगाच थांबून राहिलात, तर तीही चूकच. आणि 2022 पासूनचा नियम: ज्या रस्त्यात वळताय तो ओलांडायला कुणी कडेला उभं असलं, तरी आधी त्याला जाऊ द्यायचं.

इन्स्ट्रक्टर निवडताना काचेवरचा बिल्ला बघा: हिरवा अष्टकोनी म्हणजे पूर्ण पात्र, गुलाबी त्रिकोणी म्हणजे अजून शिकाऊ. पहिल्याच तासाला त्याला 40 मिनिटं गप्प बसून नुसत्या चुका लिहायला सांगा. मग प्रत्येक चुकीचं मूळ विचारा. ‘राऊंडअबाउट चुकला’ एवढ्यावर समाधान मानू नका. वेग उशिरा कमी केला, त्यामुळे गिअर टाकण्यातच लक्ष गेलं आणि उजवीकडे बघायला वेळ उरला नाही, इथपर्यंत पोचायला हवं. पुढच्या तासाला फक्त वेग लवकर कमी करायचा सराव करा. राऊंडअबाउट आपोआप सुधारतो. त्याने टोकल्यावर “पण गाडी येतच नव्हती” असं तोंडावर येईल. ती येत नव्हती हे आरशात न बघता कळलं कसं, याचं उत्तर आपल्याकडे नसतं. म्हणून आधी ऐकून घ्या, वाद नको.

नापास झालात तर पुढची टेस्ट किमान 10 कामाच्या दिवसांनी मिळते, तीही कागदावर. बऱ्याच केंद्रांत तारखेसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागतं आणि थिअरी झाल्याशिवाय तारीख घेताच येत नाही. तेव्हा थिअरी पहिल्या दोन-तीन महिन्यांतच उरका. आणि निघायच्या आधी, इथल्याच ट्रॅफिकमध्ये, प्रत्येक वळणाआधी कुठला आरसा बघितला ते मोठ्याने बोलत गाडी चालवायला लागा.