चॅप्लेन म्हणून कॅम्पसवर जाणाऱ्या एका मुलीला पत्र

प्रिय पोरी,

सप्रेम सलाम.

तुझा मेसेज मिळाला, विद्यापीठात चॅप्लेन, म्हणजे तिथल्या सगळ्यांसाठी नेमलेला धर्मसेवक, म्हणून तुझी नेमणूक झाली हे वाचून खूप आनंद झाला आणि त्याखालचा प्रश्न वाचून हसू आलं, की "पण चॅप्लेन दिवसभर नक्की करतो काय?" अगं हा प्रश्न तुला तिथे गेल्यावर सगळेच विचारणार आहेत, विद्यार्थी सहज म्हणून विचारतील आणि बजेटच्या मीटिंगमधली माणसं जरा वेगळ्या सुरात विचारतील. इतकी वर्षं हे काम करून मला एवढं पटलंय की ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी आपण सापडायला पाहिजे, कोणी येवो न येवो. बाकी सगळं त्यातून निघतं.

सकाळच्या प्रार्थनेपासूनच बघ. तू वेळ जाहीर करशील, पहिल्या आठवड्यात दहाबारा जण येतील, नंतर अभ्यास, असाइनमेंट, झोप हे सगळं सुरू झालं की दोघं येतील आणि मग एखाद्या दिवशी तू एकटीच. तेव्हा कुलूप लावून परत यायचा मोह होईल, तर परत येऊ नकोस, स्तोत्र मोठ्याने वाच, विनंतीची प्रार्थना कर, आज ज्यांची परीक्षा आहे, रात्रभर ज्यांची ड्युटी झाली त्या सिक्युरिटीवाल्यांसाठी, ज्या पीएचडीवाल्याचा पेपर तिसऱ्यांदा परत आलाय त्याच्यासाठी. कधीही आत न येणाऱ्या पोरांनाही माहीत असतं की इथे रोज कोणीतरी आपलं नाव घेतं. आपला देवावर विश्वास नाही असं छातीठोकपणे सांगणारा पोरगा व्हायव्हाच्या आदल्या दिवशी कॉरिडॉरमध्ये गाठून "उद्या माझ्यासाठीपण बोला ना जरा" म्हणतो, तेव्हा त्याला तुझा विश्वास कुठे गेला वगैरे विचारत बसायचं नाही, किती वाजता आहे तेवढं विचारायचं.

हजेरीचं फार मनाला लावून घेऊ नकोस. डिट्रिख बॉनहॉफर, तो मोठा जर्मन पाद्री आणि धर्मशास्त्रज्ञ, ज्याला नाझींनी १९४५ मध्ये फाशी दिली, तो १९३१ पासून काही काळ बर्लिनच्या टेक्निकल कॉलेजात विद्यार्थ्यांचा चॅप्लेन होता हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, कारण ते काम काही गाजलं नाही, मुलं फारशी यायचीच नाहीत. म्हणजे बघ, माणूस केवढा आणि समोर खुर्च्या रिकाम्या. वार्षिक रिपोर्टमध्ये आकडे भरावे लागतात ते भर, पण रात्री झोपताना ते मोजत बसू नकोस.

दुसरं टोक म्हणजे कारोल वॉयतिला, जे पुढे १९७८ मध्ये पोप झाले, दुसरे जॉन पॉल. ते १९४९ पासून पोलंडमधल्या क्राकोच्या एका चर्चमध्ये विद्यार्थ्यांचं काम बघायचे, वरती कम्युनिस्ट सरकार, पाद्र्याने तरुणांना गोळा करणं म्हणजे संशयाचं काम, म्हणून ते साध्या कपड्यात मुलांबरोबर डोंगर चढायला, नदीत कयाक घेऊन जायचे आणि मुलं त्यांना फादर न म्हणता काका म्हणायची. १९५८ मध्ये बिशप नेमल्याचा निरोप आला तेव्हाही ते अशाच ट्रिपवर होते, आणि राजधानीत जाऊन होकार देऊन पुन्हा मुलांकडे नदीवर परतले! (तू लगेच कयाक शोधायला जाऊ नकोस, तुला पोहता येतं का तेही मला माहीत नाही.) पण ऑफिसात बसून वाट बघणं एवढंच काम नाही हे त्यातून घे. लायब्ररीच्या पायऱ्या, कॅन्टीन, लॅबच्या बाहेरचा बाक, रिझल्टचा दिवस, इथे नुसती फिरत राहा. प्रोफेसरांशी बोल, सफाई करणाऱ्यांशी बोल, नावं पाठ कर. एखाद्या विद्यार्थ्याचा मृत्यू झाला तर पहिला फोन तुलाच येईल आणि श्रद्धांजलीच्या सभेत ते नाव बरोबर उच्चारलं जाणं ही आईवडिलांसाठी फार मोठी गोष्ट असते, तेव्हा आधी दोनदा विचारून घे.

आता जे येतील त्यांच्याबद्दल. खरं कारण घेऊन कोणीच येत नाही, हॉल बुक करायचाय, कुठल्यातरी फॉर्मवर सही हवीय, पेन राहिलं होतं का इथे, असं काहीतरी असतं. अर्धा तास इकडचं तिकडचं बोलून उठतात, दारापर्यंत जातात, हँडलवर हात ठेवतात आणि मग म्हणतात "एक विचारू का". ते एक म्हणजेच सगळं. म्हणून दोन भेटींच्या मध्ये रिकामा वेळ ठेव, घड्याळाकडे बघू नकोस, फोन ड्रॉवरमध्ये टाक. पुनरुत्थानानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर प्रभू येशू आपल्या दोन शिष्यांना भेटला तेव्हा त्याने आधी काय केलं आठव, त्याला सगळं माहीत असूनही तुम्ही कशाबद्दल बोलताय असं विचारलं आणि त्यांचं पूर्ण ऐकून घेतलं, शास्त्र उलगडून सांगणं नंतर आलं. आपण मात्र पहिल्या वाक्यालाच बायबलचं वचन काढून ठेवतो. बायबलमधल्या त्या सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, तोपर्यंत त्यांचं सगळं चांगलं चाललं होतं बघ, तोंड उघडलं आणि घोळ झाला.

आणि सगळेच प्रश्न आध्यात्मिक नसतात गं. बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली पडून मला मरू दे म्हणाला, तर देवदूताने त्याला उपदेश केला नाही, ऊठ खा म्हणाला, भाकर दिली, पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत उठवून खायला घातलं. होरेब डोंगरावर त्याला ऐकू आलेला देवाचा तो मंद, शांत आवाज त्याच्या कितीतरी दिवस नंतरचा. त्यामुळे "माझा विश्वास उडालाय" असं कोणी परीक्षेच्या आठवड्यात म्हणालं तर आधी विचार, शेवटचं नीट कधी झोपलीस, काही खाल्लंस का. निम्म्या वेळा चर्चा तिथेच वेगळ्या रस्त्याला लागते.

उरलेल्या निम्म्या वेळा मात्र प्रश्न खरे असतात आणि तिथे थापा मारायच्या नाहीत. फिजिक्सवाला येऊन बिग बँगचा, म्हणजे विश्व एका सुरुवातीपासून पसरत गेलं या सिद्धांताचा, विषय काढेल. त्याला जॉर्ज लमेत्रबद्दल सांग, बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरू, विश्व प्रसरण पावतंय हे गणित त्याने १९२७ मध्ये मांडलं, म्हणजे ज्या थिअरीने विश्वास मोडतो असं पोराला वाटतंय तिच्या मुळाशीच एक पाद्री आहे. पण गोष्ट इथे थांबवू नकोस, कारण १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी त्या सिद्धांताचा आधार निर्मितीच्या बाजूने घेतल्यासारखं भाषण केलं तेव्हा ते लमेत्रलाच आवडलं नव्हतं, विज्ञान विज्ञानाच्या जागी राहू द्या असं त्याचं मत होतं. मला त्याचा हा प्रामाणिकपणा फार आवडतो, आणि पोरांनाही आवडतो, कारण आपण त्यांना जिंकायला बसलेलो नाही हे त्यांना कळतं.

यावरूनच आठवलं, तुझ्याकडे इतर धर्मांचे आणि कुठलाच धर्म न मानणारेही येतील, बहुतेक तेच जास्त. मुसलमान मुलाला नमाजासाठी शांत खोली हवी असेल तर ती मिळवून देणं तुझंच काम. आणि खचलेल्या माणसाला आपल्याकडे ओढायचं नाही, कधीच नाही, ब्रेकअप झालेल्या, नापास झालेल्या पोरीच्या हातात त्याच दिवशी धर्मप्रचाराची पत्रिका ठेवणं मला चोरीसारखं वाटतं. पण कोणी सरळ विचारलं की तुम्ही येशूला का मानता, तर गुळमुळीत बोलू नकोस, तुझं जे आहे ते सांग. काही चॅप्लेन इतके सर्वांचे होतात की ते स्वतः कोणाचे आहेत हेच कळत नाही, त्याचाही काही उपयोग नाही.

स्वतःचा विश्वास जप. या कामात बायबल हत्यार होऊन बसतं, उतारा दिसला की हा रविवारी चालेल, हा अंत्यविधीला चालेल असंच डोकं चालतं. रोज थोडं तरी असं वाच जे कुणालाच सांगायचं नाहीये. कोरडे दिवस आले तर अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाच, ते अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीकडे वळत नाही, आणि तरीही ते शास्त्रात ठेवलंय. रविवार तुझा कामाचा दिवस, तेव्हा आठवड्यातला दुसरा एक दिवस सुट्टीचा ठेव आणि त्या दिवशी ईमेल उघडलास तर मला सांगू नकोस. विद्यापीठाच्या बाहेरचं एखादं शहाणं माणूस शोध ज्याच्यासमोर तू चॅप्लेन नसशील.

आणखी एक. तीन-चार वर्षांत सगळी निघून जातात. ज्या मुलीबरोबर तू रात्री उशिरापर्यंत हॉस्पिटलात बसलीस तिचं पुढे काय झालं ते बहुतेक कळणार नाही, आणि मेसेज करून विचारत बसायचं नाही, तिने स्वतःहून कळवलं तर छान.

शेवटी नियमाचं बोलतो, कंटाळवाणं आहे पण रुजू व्हायच्या आधी हेच कर. काचेच्या दाराची खोली मागून घे, बंद दाराआड एकट्या विद्यार्थ्याला भेटू नकोस. "हे कोणाला सांगणार नाही ना" असं कोणी विचारलं तर आंधळेपणाने हो म्हणू नकोस, जिवाला धोका असेल तर मला सांगावं लागेल हे बोलणं सुरू व्हायच्या आधीच स्पष्ट कर. आणि शंका आली तर सरळ शब्दांत विचार, स्वतःला संपवायचा विचार येतो का, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बऱ्याच जणांना कोणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं होतं. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, प्रार्थना जरूर कर पण आधी काउन्सेलरला फोन लाव. तो नंबर, आरोग्य केंद्राचा, रात्रीच्या सिक्युरिटीचा, तिन्ही फोनमध्ये सेव्ह कर आणि एका कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेव, कारण बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

रुजू व्हायची तारीख पक्की झाली की कळव, त्या सकाळी तुझ्यासाठी प्रार्थना करीन.

तुझा,
जुना चॅप्लेन