४० मीटरसाठी घरचा वायर अँटेना: आधी साधा डायपोल टांगा, मग बाकीचे प्रयोग

नमस्कार. सगळ्यात आधी हौशी (हॅम) रेडिओचा व्हीयू३ कॉलसाइन, म्हणजे तुमच्या स्टेशनचं अधिकृत नाव, मिळाल्याबद्दल मनापासून अभिनंदन. तुम्ही विचारलंय की गोव्यात डिचोलीला कौलारू घर आहे, मागे माड आणि पोफळी आहेत, जुना एचएफ रिग (लघुलहरींवर बोलायचा-ऐकायचा रेडिओ) हाती आलाय आणि ४० मीटरवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या बँडवर, यायचंय; तर एंड-फेड (एका टोकाला केबल जोडलेली वायर) करावा, ९:१ ट्रान्सफॉर्मरवाली कुठल्याही लांबीची रँडम वायर टाकावी, की सरळ तयार अँटेना मागवावा? माझं म्हणणं, मागवू काहीच नका, आणि सुरुवात यातल्या कशानेही करू नका. मधोमध कोॲक्स (मध्ये तार आणि भोवती जाळी असलेली केबल) जोडलेला साधा हाफ-वेव्ह डायपोल, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीची मधोमध तोडलेली वायर, टांगा आणि तो तिथेच राहू द्या. पुढचा प्रत्येक प्रयोग त्याच्याशी ताडून बघायचा.

एवढा आग्रह का, ते सांगतो. आपल्याकडे एसडब्ल्यूआर १.१ आला की अँटेना चांगला झाला असं धरून चालतात. पण ५० ओहमचा डमी लोडसुद्धा, म्हणजे पॉवर नुसती जिरवणारा रेझिस्टर, १:१ दाखवतो, आणि त्यातून पुढच्या वाड्यावरही हाक पोचत नाही. एसडब्ल्यूआर फक्त पॉवर रिगकडे परत येते का ते सांगतो. गेलेली पॉवर हवेत गेली, फेराइट तापवण्यात गेली की जमिनीत जिरली, हे तो सांगत नाही. त्यात बँडची तब्येत घडीघडीला बदलते. आज नवी वायर लावली आणि पुण्याच्या स्टेशनने ५-९ (स्पष्ट आणि जोरदार) असा रिपोर्ट दिला, तर ते कर्तृत्व वायरचं की आयनांबराचं (सिग्नल परत खाली वळवणाऱ्या वरच्या वातावरणाचं), हे कसं ठरवणार? शेजारी ओळखीचा डायपोल असेल आणि कोॲक्स स्विच इकडून तिकडे फिरवून तेच स्टेशन त्याच क्षणी दोन्हींवर ऐकता येत असेल, तरच काही खरं कळतं.

लांबीचा हिशेब सोपा आहे. १४३ ला मेगाहर्ट्झने भागा, उत्तर मीटरमध्ये येतं. ७.१ साठी साधारण २०.१ मीटर, म्हणजे एकेक बाजू १० मीटरची. घराच्या वायरिंगची दीड स्क्वेअर एमएमची मल्टिस्ट्रँड वायर उत्तम चालते. पीव्हीसीच्या आवरणामुळे ती सूत्रापेक्षा थोडी कमी लांबीचीच पुरते. तरी सुरुवातीला प्रत्येक बाजू साडेदहा मीटर ठेवा आणि जास्तीची वायर टोकाला दुमडून तिच्यावरच पिळून ठेवा. कापायची घाई नको. दोन्ही बाजू दहा-दहा सेंटिमीटरने कमी केल्या की रेझोनन्स (अँटेना जुळते ती फ्रिक्वेन्सी) सुमारे ७० किलोहर्ट्झ वर सरकतो, हे लक्षात ठेवलं की दोन-तीन वेळा खाली-वर करून काम होतं. नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) घ्या किंवा उसना आणा, त्यावर एसडब्ल्यूआरची दरी कुठे पडते ते स्पष्ट दिसतं. आपला ७.० ते ७.२ चा पट्टा एका डायपोलमध्ये साधारण सामावतो. शिवाय हाच डायपोल तिसऱ्या हार्मोनिकवर, म्हणजे १५ मीटरवरही बऱ्यापैकी चालतो, हा फुकटचा फायदा.

उंची फार मिळणार नाही याची काळजी तुम्ही जरा जास्तच करताय असं वाटलं. नऊ-दहा मीटर म्हणजे ४० मीटर बँडवर पाव तरंगलांबी. इतक्या खाली डायपोल बराचसा आकाशाकडेच तोंड करून बोलतो. पण तुम्हाला आधी बोलायचंय कोल्हापूर, पुणे, मुंबई, हुबळीशी, आणि त्यासाठी हेच हवं. आपण कमी अक्षांशावर आहोत. दिवसा इथला आयनांबराचा वरचा एफ थर जवळजवळ सरळ वर गेलेला ७ मेगाहर्ट्झचा सिग्नलही बरेचदा परत खाली पाठवतो. भर दुपारी त्याखालचा डी थर थोडं शोषून घेतो, म्हणून सकाळ आणि उतरती दुपार जास्त चांगली. रात्री जवळची स्टेशनं विरळ होतात आणि लांबची उघडतात.

आता माड. तुमच्या जागी मी एका माडाला मध्य उंच बांधून दोन्ही टोकं उतरती ठेवली असती, म्हणजे इन्व्हर्टेड व्ही. मधला कोन ९० अंशांपेक्षा कमी होऊ देऊ नका आणि टोकं जमिनीपासून निदान तीन मीटर वर ठेवा. ट्रान्समिट करताना टोकांवर चांगलाच व्होल्टेज असतो, पोराटोरांचा हात पोचता कामा नये. नारळ काढायला पाडेली येईल तेव्हाच त्याच्याकडून वर दोरीच्या फासात एक कप्पी बांधून घ्या. खिळा अजिबात मारू नका. माडाच्या जखमेत सोंडे भुंगा अंडी घालतो आणि माड हातचा जातो. कप्पीतून नायलॉनची दोरी खाली आली की पुढे प्रत्येक वेळी कुणाला वर चढवायची गरज उरत नाही. प्रयोग करणाऱ्याला सगळ्यात उपयोगी वस्तू कुठली विचाराल तर मी ही कप्पी सांगेन.

माड वाऱ्यावर डोलतो, म्हणून दोरी ताठ बांधली की पहिल्याच वादळात वायर तुटते. दोरीचं खालचं टोक बांधू नका, त्याला दोन लिटरच्या बाटलीत वाळू भरून लटकवा. माड हलला की बाटली वर-खाली होते आणि ताण सारखा राहतो. बाटलीखाली कुणी उभं राहणार नाही अशी जागा निवडा. उतरत्या टोकांना जाड दोरी न लावता मासे पकडायचा तंगूस लावा, म्हापशाच्या बाजारात सहज मिळतो. वरून चुडत (झावळी) कोसळलं तर तंगूस तुटतो आणि वायर वाचते. विजेच्या तारांपासून मात्र सगळं लांब ठेवा. वायर किंवा दोरी तुटून कुठेही उडाली तरी तारेवर पडणार नाही, एवढं अंतर हवंच. दोरी टाकताना तारेच्या दिशेने कधीच टाकू नका.

मधला जोड नीट करा, कारण गोव्यात अँटेना मरतो तो इथेच. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. भाजी चिरायच्या प्लास्टिकच्या पाटाचा तळहाताएवढा तुकडा घ्या, त्याला दोन्ही बाजूंना तीन-तीन भोकं पाडा आणि वायर त्यांतून नागमोडी ओवून घ्या, म्हणजे ओढ पाटावर येईल, सोल्डरवर नाही. कोॲक्सही त्याच पाटाला बांधा. कोॲक्सचं उघडं तोंड खाली वळलेलं ठेवा. जाळीतून पाणी वातीसारखं वर चढत आत शिरतं, आणि एका पावसाळ्यात तांबं काळं पडतं. सोल्डर झाल्यावर न्यूट्रल सिलिकॉन लावा. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन तांबं खातो, तो नको. त्यावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा आणि वर साधी पीव्हीसी टेप. स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेसचे, लोखंडाचा एकही नको.

पाटाच्या लगेच खाली कोॲक्सचा चोक घाला: एफटी२४०-४३ किंवा एफटी२४०-३१ या फेराइट रिंगवर आरजी-५८ चे (बारीक कोॲक्सचे) दहा-बारा वेढे. चोक नसला तर कोॲक्सची जाळी स्वतःच अँटेना बनते आणि घरातला सगळा कचरा, म्हणजे एलईडी बल्ब, इन्व्हर्टर, वायफायचा अडॅप्टर, रिसिव्हरमध्ये ओढून आणते. नॉइझ किती घरचा आहे ते बघायला रिग बॅटरीवर लावा आणि घराचा मेन स्विच बंद करा. रिगवरचा एस-मीटर (सिग्नलचा जोर दाखवणारा काटा) तीन-चार घर खाली आला, तर अँटेनावर कितीही खर्च करून जे मिळालं नसतं ते एका अडॅप्टरच्या बदलीत मिळेल. तीस मीटर आरजी-५८ मध्ये ७ मेगाहर्ट्झला एक डेसिबलच्या आसपास जातं; त्यासाठी महाग केबल घ्यायची गरज नाही.

पाऊस लागला की रेझोनन्स थोडा खाली सरकलेला दिसेल. ओल्या झावळ्या आणि वायरवरचं पाणी, त्याचा तो परिणाम आहे. लगेच वायर कापू नका, उघडीप पडू द्या.

हे स्थिरस्थावर झालं की मग एंड-फेड जरूर करा. एफटी२४०-४३ वर दोन आणि चौदा वेढ्यांचा ४९:१ ट्रान्सफॉर्मर, प्रायमरीवर (दोन वेढ्यांच्या बाजूला) १०० पिकोफॅरडचा जास्त व्होल्टेजचा कपॅसिटर, आणि २० मीटर वायर. ४०, २०, १५ आणि १० मीटर अशा चारही बँडवर तो चालतो, म्हणूनच एवढा लोकप्रिय आहे. त्यालाही चोक लागतो. डायपोलपासून शक्य तितका दूर आणि काटकोनात टांगा, नाहीतर दोन वायरी एकमेकींत गुंततात आणि तुलना बिघडते. मग फेडिंगमध्ये (सिग्नलच्या आपोआप कमी-जास्त होण्यात) फसू नये म्हणून बऱ्याच स्टेशनांवर, वेगवेगळ्या वेळी स्विच फिरवून बघा. एफटी८ किंवा डब्ल्यूएसपीआर (कॉम्प्युटरवरून चालणारे डिजिटल प्रकार) चालवत असाल तर लांबच्या रिसिव्हरांचे आकडे घरबसल्या मिळतात. तिथे दोन अँटेनांतला ३ डेसिबलचा फरकही ओळखता येतो. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. रँडम वायर मी शेवटी ठेवीन. ट्यूनर (रिग आणि अँटेना जुळवून देणारा डबा) लागतो, आणि नेमकं काय चाललंय ते नवख्याला समजत नाही.

व्हर्टिकलबद्दल, म्हणजे उभ्या अँटेनाबद्दल, थोडक्यात. तुमच्याकडे चिऱ्याची जमीन आहे, वीज वाहून न्यायला कमकुवत. तिथे जमिनीवरच्या व्हर्टिकलला भरपूर रेडियल (बुंध्यापासून चहूकडे जाणाऱ्या वायरी) पसरावे लागतील. पण हाच व्हर्टिकल खाऱ्या पाण्याच्या काठी नेला तर वेगळाच प्राणी होतो. बांबूवर ५ मीटर वायर आणि जमिनीपासून वर ठेवलेले दोन-चार रेडियल एवढ्यावर २० मीटर बँडला समुद्राच्या दिशेने खालच्या कोनात सिग्नल जातो, आणि लांबच्या संपर्कासाठी तोच हवा असतो. परवान्यात स्टेशनच्या जागेबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा, आणि मोरजी, आगोंद, गालजीबाग इथले कासवांच्या विणीचे पट्टे सोडून जागा शोधा.

मे महिन्यात आणि परतीच्या पावसात घाटाकडून गडगडाट ऐकू आला की कोॲक्स रिगपासून काढून घराबाहेर टाका. वादळ डोक्यावर आल्यावर केबलला हात लावायला जाऊ नका, म्हणून वापर नसेल तेव्हा ती काढलेलीच असू द्या.

दोन माडांमधलं अंतर किती आणि घरात येणारी विजेची तार कुठल्या बाजूने येते, एवढं कळवा. वायर कुठल्या दिशेने न्यायची ते त्यावरून सांगता येईल.