मुदत नोटिशीपासून मोजत नाहीत

प्रश्न : लोणावळ्याच्या बंगल्याच्या गच्चीवर डिसेंबर 2023 मध्ये 6 लाख 40 हजारांचा हॉट टब बसवून घेतला. मुंबईच्या विक्रेत्यानेच सुचवलेल्या इलेक्ट्रिशियनने हीटर आणि पंप मोबाइलवरून चालू-बंद करण्याची सोय करून दिली. 10 मार्च 2024 च्या रात्री लाइट गेली, परत आली. हीटर चालू झाला, पंप झालाच नाही. हीटर जळाला, लगतचा पाइप वितळला आणि पाणी गळून खालच्या खोलीचं फॉल्स सीलिंग पडलं. 2 एप्रिल 2024 ला विक्रेत्याचा ईमेल आला : ‘बाहेरचा कंट्रोल बसवल्याने वॉरंटी रद्द.’ तेव्हापासून व्हॉट्सअॅपवर पाठपुरावा चालू आहे. ते ‘साहेबांशी बोलून बघतो’ म्हणतात. ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. आता वकिलाची नोटीस पाठवली तर दोन वर्षांची मुदत तिथून धरतील ना? बंगला आम्ही अधूनमधून शनिवार-रविवारी भाड्याने देतो, त्याने काही फरक पडतो का? (12 फेब्रुवारी 2026)
— एक वाचक, पुणे

उत्तर : धरणार नाहीत. हे उत्तर छापून येईपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं, म्हणून ते तुम्हाला आधीच ईमेलने पाठवलं आहे.

सोलर वॉटर हीटर, इन्व्हर्टर, मॉड्युलर किचन, लिफ्ट. वस्तू बदलते, पत्र तेच असतं. प्रत्येकाला वॉरंटीवर वाद घालायचा असतो आणि प्रत्येकाने तारखेकडे पाठ फिरवलेली असते. वॉरंटीचा वाद दोन्ही बाजूंनी घालता येतो. तारखेचा घालता येत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 चं कलम 69 सांगतं की तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. तुमच्या प्रकरणात कारण घडलं 10 मार्च 2024 ला. तुमच्या वतीने एखादा वकील म्हणेल की नकार 2 एप्रिलला मिळाला, म्हणून मुदत तिथून मोजा. म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पण हातात वेळ असताना त्यावर विसंबायचं कशाला? 10 मार्च 2026 हीच शेवटची तारीख धरा. मध्ये होळीची सुट्टी आहे, आणि ऑनलाइन दाखल करताना कागद अपलोड न होण्याची एक संध्याकाळ हमखास येते.

आपल्या नोटिशीने मुदत वाढत नाही. ‘बघतो’ या उत्तरानेही नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरची नोंद म्हणजे ग्राहक आयोगापुढची तक्रार नव्हे. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढलाच नाही तर निभावेल, या आशेवरही राहू नका. स्टेट बँक ऑफ इंडिया विरुद्ध बी. एस. अॅग्रिकल्चरल इंडस्ट्रीज या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्येच सांगितलं की तक्रार मुदतीत आहे का, हे दाखल करून घेण्याआधी आयोगाने स्वतःहून पाहायचं असतं. निकाल जुन्या कायद्याच्या कलम 24अ वरचा आहे, पण 69 ची भाषा तीच आहे. उशीर माफ करण्याची सोय कायद्यात आहे, त्यासाठी पुरेसं कारण दाखवावं लागतं. ‘विक्रेता गोड बोलत होता’ हे कारण मी आयोगापुढे मांडू शकतो. ते ऐकून सदस्य पुढची फाइल ओढतात.

तेव्हा नोटिशीचा मसुदा बाजूला ठेवा. तक्रारीआधी नोटीस देणं बंधनकारक नाही. पाठवायचीच तर पाठवा, पण उत्तराची वाट न पाहता तक्रार दाखल करा. तुम्ही पुण्यात राहता, म्हणून विक्रेता मुंबईचा असला तरी पुणे जिल्हा आयोगात जाता येतं. राहत्या ठिकाणी तक्रार करण्याची मुभा 2019 च्या कायद्याने दिली. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या होतं. पाच ते दहा लाखांच्या खरेदीला फी 200 रुपये आहे. इतक्या स्वस्त दारापाशी येऊन जवळजवळ दोन वर्षं व्हॉट्सअॅप करत बसलात, याचं मला खरंच आश्चर्य वाटतं.

आता पुरावा. जळालेला हीटर तुमच्याकडे आहे, असं पत्रासोबतच्या फोटोंवरून दिसतं. तो जसा आहे तसा ठेवा. पुसू नका, उघडू नका. दोष चाचणीशिवाय ठरत नसेल तर आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, आणि तपासायला वस्तूच नसेल तर पाठवणार काय? फोटोत मला अधिक महत्त्वाची वाटली ती भिंतीवरची रिकामी चौकट. कंट्रोलची पेटी तिथे होती, ती इलेक्ट्रिशियन ‘दुरुस्त करून आणतो’ म्हणून घेऊन गेला आणि तुम्ही नेऊ दिलीत! तुम्ही लिहिता की पंप जुन्या पद्धतीच्या टायमरवर होता आणि हीटर वाय-फाय रिलेवर, म्हणजे मोबाइलवरून चालू-बंद होणाऱ्या स्विचवर. वीज आल्यावर रिलेने आधीची ‘चालू’ स्थिती लक्षात ठेवून हीटरला पुरवठा दिला असावा आणि टायमरचं घड्याळ मागे पडल्याने पंप थांबून राहिला असावा. वाहतं पाणी नाही आणि 3 किलोवॅटचा हीटर तापतो आहे. पुढचं तुम्ही पाहिलंच. पण मग टबसोबत आलेला फ्लो स्विच काय करत होता? पाणी वाहत नसेल तर हीटरचा पुरवठा तोडणं हेच त्याचं काम. तो मुळात बिघडलेला होता, तर दोष वस्तूत. रिले जोडताना इलेक्ट्रिशियनने त्याला वळसा घातला, तर विक्रेत्याचा ईमेल बराचसा खरा. सगळा निकाल त्या पेटीतल्या दोन तारांवर फिरू शकतो. पेटी आजच परत मागा, लेखी मागा.

‘बाहेरचा कंट्रोल’ या शब्दांना मात्र तुमच्याकडे उत्तर आहे. ‘आमचाच माणूस आहे, त्याच्याकडून करून घ्या’ हा विक्रेत्याचा मेसेज फोनमधून उडवू नका. स्क्रीनशॉट काढा, फोनही जपून ठेवा, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडा. आयोग पुराव्याच्या नियमांत फारसा काटेकोर नसतो, तरी आक्षेपाला जागा ठेवू नये. त्या इलेक्ट्रिशियनकडे सरकारी परवाना होता का, हेही विचारून घ्या. नसेल तर समोरचा वकील ते तुमच्यावर उलटवेल. विक्रेता, टबचा उत्पादक किंवा आयातदार आणि इलेक्ट्रिशियन, तिघांनाही विरुद्ध पक्ष करा, म्हणजे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं तरी दोघेही समोर असतील.

तक्रार सदोष वस्तू आणि सेवेतील त्रुटी अशी मांडा. ‘उत्पादन दायित्व’ (सदोष वस्तूने केलेल्या हानीची भरपाई) हा भारदस्त शब्द मथळ्यात घालण्याचा मोह आवरा. अशा दाव्यासाठीच्या ‘हानी’च्या व्याख्येतून वस्तूचं स्वतःचं नुकसान वगळलेलं आहे, सीलिंगपुरतं ते कदाचित चालेल, हीटरपुरतं नाही. शिवाय कलम 87 प्रमाणे वस्तूत फेरफार झालेला असेल तर विक्रेत्याविरुद्ध असा दावा टिकत नाही, म्हणजे त्यांना आयतं कोलीत.

भाड्याचं काय? व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ‘ग्राहक’ ठरत नाही. लीलावती रुग्णालयाच्या ट्रस्टने परिचारिकांच्या निवासासाठी सदनिका घेतल्या, त्या प्रकरणात 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमुख हेतू पाहिला आणि ट्रस्टला ग्राहक मानलं. तुमचा प्रमुख हेतू घरचा वापर होता, हे दाखवता येईल असं वाटतं. खात्री देणार नाही. ‘अधूनमधून’ म्हणजे वर्षातून किती वेळा, यावर बरंच अवलंबून राहील. ते लपवू मात्र नका. बुकिंगच्या वेबसाइटवर तुमच्या टबचा फोटो असेल, तर तो समोरच्यांना तुमच्याआधी सापडेल.

निकाल कधी? कायद्यात लिहिलं आहे तीन महिने, चाचणी लागली तर पाच. वाचून हसू येतं. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी 30 आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात. 45 व्या दिवसापलीकडे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, असं घटनापीठाने 2020 मध्ये ठरवलं. पण त्यानंतरच्या तारखांना असा लगाम नाही. सदस्यांच्या जागा रिकाम्या पडतात, खंडपीठ बसत नाही आणि पुढची तारीख मिळते. काही वर्षांची तयारी ठेवा.

तोवर टब बंदच ठेवा, असं मी म्हणणार नाही. पण नवी जोडणी करण्याआधी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून सध्याच्या स्थितीचा सहीशिक्क्याचा अहवाल आणि फोटो घ्या. जुना हीटर वेगळा ठेवून नवा बसवा, आणि या वेळी पंप चालू असल्याशिवाय व पाणी वाहत असल्याशिवाय हीटरला वीजच मिळणार नाही अशी वायरिंग करून घ्या. मोबाइल अॅपला तो अडथळा ओलांडता येता कामा नये. नवं बिल इलेक्ट्रिशियनच्या नावाने नको, ठेकेदाराच्या परवाना क्रमांकासह हवं. मूळ खरेदीचं बिल सापडत नाही असं तुम्ही लिहिलंय. बँकेचा उतारा आणि विक्रेत्याचं कोटेशन चालेल, ते दोन्ही तक्रारीला जोडा.